मंगळाच्या वाटेवर पार्ट मोडला तर जुनं प्लास्टिक वितळवून तिथंच नवा बनवता येईल का?

अर्धं उत्तर हो. स्पेस स्टेशनवर २०१४ मध्येच थ्रीडी प्रिंटर, म्हणजे थरावर थर रचून वस्तू छापणारं मशीन, चालला, मग २०१८ मध्ये नासानं रिफॅब्रिकेटर पाठवला, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून त्याचाच फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) करून परत छापणारं मशीन, आणि २०२४ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीच्या मशीनवर स्टीलसुद्धा छापून झालं. पण प्लास्टिक दरवेळी तापवलं की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात नि माल कमकुवत होतो, तेच तेच कायम फिरवता येत नाही. आपल्या गोव्यातल्या मालिम जेटीवरनं सुटलेला ट्रॉलर बिघडला तर ओढून तरी आणतात, मंगळाला एकेरी ६ ते ९ महिने! स्पेस स्टेशनवर पाणी परत वापरायचं मात्र मस्त जमलंय, लघवी-घाम धरून ९८ टक्के परत मिळतं. माझं म्हणाल तर सामानाचं पॅकिंगच आधीपासून एकाच जातीच्या प्लास्टिकचं न्यावं, मिसळलं की छापायला बेकार.