पोर्ट फॉरवर्डिंग करूनही मित्रांना माझ्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर येता येत नाही, राउटर बदलू का?

राउटर अजिबात बदलू नका. राउटरच्या स्टेटस पेजवरचा वॅन आयपी (राउटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा, मग गुगलवर स्वतःचा पब्लिक आयपी बघा. दोन्ही वेगळे आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात, म्हणजे नेटवाल्याने एकच पब्लिक आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय, मग तुम्ही घरात माइनक्राफ्टचा २५५६५ पोर्ट उघडा नाहीतर सगळे पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस वर नेटवाल्याकडेच अडकणार.

आमच्याकडे हेच झालेलं. नेटवाल्याचा पोरगा आला, ड्युअल बँड राउटर घ्या म्हणाला, आणि आमचे दाजी, आयटीत आहेत, ते लगेच त्याच्या बाजूने. मी दोघांना दोन्ही आयपी दाखवले तेव्हा कुठे त्याने ऑफिसला फोन लावला आणि म्हणाला, स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा पब्लिक आयपी) घ्या, महिन्याला वेगळे पैसे. घेतला. तर दाजींनी घरच्याच वायफायवरून पब्लिक आयपी टाकून बघितला, कनेक्ट झालं नाही, लगेच 'बघ, पैसे पाण्यात'. अहो, बऱ्याच राउटरमध्ये आतून बाहेरच्या आयपीवर फिरून येताच येत नाही! मोबाइल डेटावरून लावा म्हटलं, लागला. मग मुद्दा बदलला, गेमसाठी कशाला एवढे पैसे, सर्व्हर भाड्याने घे. ज्यांच्या घरी क्रिकेटसाठी ढीगभर ओटीटी चालू असतात त्यांनी हे बोलावं! पोरांनी बांधलेलं अख्खं गाव माझ्या डिस्कवर आहे, भाडं थकलं म्हणून कोणी पुसणार नाही, हे त्यांना अजून पटत नाही.

पैसे घालायचे नसतील तर टेलस्केल किंवा झीरोटियर (लांबचे पीसी एकाच खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारी ॲप्स) टाका, सीजीनॅटमधूनही चालतं, फक्त प्रत्येक मित्राला इन्स्टॉल करावं लागतं आणि एकजण हमखास 'उद्या करतो' म्हणतो.

बाकी पीसीचा लोकल आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह केलाय ना, म्हणजे तो बदलणार नाही, आणि विंडोज फायरवॉलमध्ये जावाला (सर्व्हर त्यावरच चालतो) परवानगी दिलीय ना? आणि व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्या खेळाडूंनाच प्रवेश) चालू ठेवा, उघडा पोर्ट स्कॅन करणारे बॉट्स असतातच, तेवढं एक दाजींचं बरोबर आहे. वैतागून पीसी डीएमझेडमध्ये मात्र टाकू नका, त्यात पीसीचे सगळे पोर्ट बाहेरच्यांना उघडे होतात.

हां, हे सगळं माइनक्राफ्टच्या जावा एडिशनचं, टीसीपीवर. सर्व्हर बेडरॉकचा (मोबाइल-कन्सोलवरही चालणारी दुसरी एडिशन) असेल तर १९१३२ पोर्ट लागतो, तोही यूडीपी.