‘हवालदिल’ आणि ‘देवावर हवाला’: एकच ‘ह’ की दोन?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री परळच्या एका रुग्णालयात ते बाकावर बसले असताना शेजारच्या बाई त्यांना म्हणाल्या, ‘हवालदिल होऊ नका, देवावर हवाला ठेवा.’ संमतीपत्रावर सही करून आणि रक्ताची सोय लावून नुकत्याच टेकलेल्या या गृहस्थांना तो सल्ला हात झटकण्याचा वाटला. या दोन ‘हवालां’चे मूळ एकच आहे काय, आणि देवावर हवाला ठेवणे म्हणजे प्रयत्न सोडणे काय, असे ते विचारतात.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण तेवढ्यावर थांबणे माझ्याच्याने होणार नाही.

लोकल १५ मिनिटे उशिरा आली की बातम्यांतले प्रवासी हवालदिल होतात आणि टोमॅटो महागले की गृहिणी हवालदिल होतात, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. प्रवासी वैतागतात, गृहिणी त्रासतात. हवालदिल होणे म्हणजे भीतीने काळजाचे पाणी होणे. अरबी ‘हौल’ म्हणजे दहशत, आणि त्याला फारसी ‘दिल’ जोडून झालेला शब्द ‘हौलदिल’. हिंदीतल्या ‘हौलनाक’मध्ये हाच हौल आहे. ‘औ’चा ‘अव’ करण्याची खोड आपल्याला जुनीच आहे. औरंगजेबाचा ‘अवरंगजेब’ आपणच केला. त्या ‘हवल’चा पुढे ‘हवाल’ झाला तो शेजारी नांदत असलेल्या ‘हवाला’ या ओळखीच्या शब्दाच्या दबावाने, असा माझा तर्क आहे.

‘ज्याचे दिल दुसऱ्याच्या हवाली झाले तो हवालदिल’ अशी व्युत्पत्ती काही विद्वान व्याख्यानांतून सांगत असतात आणि श्रोते माना डोलावतात. ती गोड आहे, पण खोटी आहे. भेंडीबाजारात उर्दू पाट्या रंगवणाऱ्या एका वयस्कर कारागिराला मी ‘हौल’ आणि ‘हवाला’ हे दोन शब्द लिहून दाखवायला सांगितले, तेव्हा त्यांनी चहाच्या बिलाच्या पाठीमागे पहिला ‘छोटी हे’ या अक्षराने लिहिला आणि दुसरा ‘बडी हे’ या वेगळ्या अक्षराने. अरबीत हे दोन वेगळे उच्चार आहेत, दुसरा घशातून येतो, आणि त्यामुळे धातूही वेगळे आहेत. देवनागरीत दोघांनाही एकाच ‘ह’मध्ये राहावे लागले आणि लोक त्यांना सख्खे भाऊ समजू लागले.

आता ‘बडी हे’वाल्या ‘हवाला’कडे वळतो, कारण खरी मौज तिथे आहे. त्याच्या धातूचा अर्थ पालटणे, एका जागेवरून दुसरीकडे जाणे. आपले ‘हाल’, ‘अहवाल’ आणि ‘बहाल’ ही त्याचीच भावकी आहे, आणि ज्याच्याकडे किल्ल्याचा हवाला असे, तो हवालदार. मुंबईकराला हवाला म्हटले की फक्त काळा पैसा आठवतो. परंतु मुसलमानी कायद्यात ‘हवाला’ ही कर्ज फिरवण्याची सरळ, उघड रीत आहे. मी तुमचे देणे लागतो. तिसरा माणूस ते देणे स्वतःवर घेतो. आणि त्यानंतर तुम्ही तगादा लावायचा तो त्याच्याकडे, माझ्याकडे नव्हे.

आता आपला प्रयोग ऐका. आपण ‘देवाला हवाला’ म्हणत नाही, ‘देवावर’ म्हणतो. हा ‘वर’ पेढीवरचा आहे: काळबादेवीचे सराफ अमक्यावर हुंडी, म्हणजे त्याने पैसे द्यावेत अशी चिठ्ठी, लिहीत, तसाच. संतकवी नरसी मेहत्यांनी द्वारकेच्या यात्रेकरूंना शामळशा शेठवर हुंडी लिहून दिली आणि ती कृष्णाने वटवली, ही कथा गुजरातीत घरोघरी ठाऊक आहे. तुकोबाही, ‘तुका म्हणे घालूं तयावरी भार’, तोच ‘वरी’ वापरतात. आणि तुकोबांच्या घरी वाण्याचा धंदा होता, हे अभंगांच्या निरूपणकारांना आठवत नसले तरी मला विसरता येत नाही. माझ्या मते या वाक्प्रचारात भीती हा सावकार आहे. तो दारात उभा राहतो तेव्हा त्याला पुढच्या पेढीचा पत्ता द्यायचा, एवढाच देवावर हवाला ठेवण्याचा अर्थ आहे. कोशकार त्यासमोर ‘विश्वास, भिस्त’ असे लिहून पुढच्या शब्दाकडे जातात. पेढी कशी चालते ते त्यांनी कधी पाहिलेले नसावे.

२६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या रात्री, मी शीवकडून कुर्ल्याकडे रुळांतून चालत होतो. पाणी मांड्यांपर्यंत होते, दिवे गेलेले होते, आणि माझ्यासह सगळे खऱ्या अर्थाने हवालदिल झाले होते. पुढे एक म्हातारी होती. ‘आता देवावर हवाला,’ असे ती मोठ्याने म्हणाली, लुगड्याचा काचा घट्ट खोचला, बंद छत्रीने रुळांखालचा पुढचा स्लीपर चाचपला आणि पाऊल टाकले. मग पुन्हा छत्री आणि पुन्हा पाऊल. आम्ही सात-आठ जण तिच्या मागे रांगेने निघालो. हात झटकणाऱ्या माणसाने छत्रीने वाट तपासली नसती.

निष्काळजीपणासाठी मराठीत वेगळा प्रयोग आहे, तो ‘देवाच्या हवाली’: रस्ते देवाच्या हवाली, पूल देवाच्या हवाली. तिथे ‘वर’ नाही, केवळ ताबा सोडून देणे आहे. परळच्या त्या बाईंनी ‘आईला देवाच्या हवाली करा’ असे म्हटले असते, तर प्रश्नकर्त्यांचा राग मला रास्त वाटला असता. त्यांची सही झालेली होती, रक्ताची सोय झालेली होती. ती रात्र कोणावर लिहायची, तेवढे बाईंनी सांगितले.