मोठ्या माणसांना ठोकळे देऊन वर्षाचं ध्येय ठरवायला लावता येतं का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तुम्ही एचआर बघता, सुपरवायझर आणि जुन्या कामगारांची वर्षाची ध्येयं ठरवायची आहेत, त्यासाठी लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांची कार्यशाळा घ्यावी असं मनात आहे. माणसं हसतील का, सर्टिफिकेट लागतं का, आणि घ्यायची कशी?

हसतात. पहिली दहा मिनिटं हमखास हसतात. "ह्या वयात खेळाय लावताय व्हय मॅडम?" हे मी शिरोलीत ऐकलंय, गोकुळ शिरगावात ऐकलंय, कागलला ऐकलंय. त्यावर भाषण देऊ नका. प्रत्येकाच्या हातात सहा ठोकळे द्या आणि म्हणा, एका मिनिटात बदक करा. बाराजणांची बारा बदकं वेगळी होतात आणि प्रत्येकाला आपलंच बदक खरं वाटतं. एकाच रंगाचे, आठ उंचवट्यांचे सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात, हा हिशोब डेन्मार्कमधल्या एका गणितज्ञानं मांडलेला आहे. तो आकडा मी बदकं झाल्यावर सांगते. तोवर हसणं थांबलेलं असतं.

फौंड्रीतल्या माणसाला ही रीत परकी नाहीच. आधी पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, मग त्यावरून साचा, मग ओतकाम. डोक्यातली गोष्ट आधी हातानं करून बघायची, हे तो रोज करतो. सेमूर पॅपर्ट या शिक्षणतज्ज्ञांनी हेच शिक्षणाच्या अंगानं मांडलं होतं, की माणूस काहीतरी बनवता बनवता विचार करतो. त्याचा आधार घेत लेगो कंपनीत १९९०च्या दशकात ही पद्धत घडली आणि तिला 'लेगो सिरियस प्ले' हे नाव मिळालं. २०१० मध्ये कंपनीनं ती सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे सर्टिफिकेट सक्तीचं नाही. नाव मात्र कंपनीचा ट्रेडमार्क आहे, ते स्वतःच्या जाहिरातीत वापरताना जपून. प्रशिक्षण घेता आलं तर जरूर घ्या, पण त्याच्या आधी चार मित्रांना घरी बसवून सराव करा.

पद्धतीचा गाभा इतकाच: तुम्ही प्रश्न विचारता, सगळे एकाच वेळी बांधतात, प्रत्येकजण आपल्या बांधणीची गोष्ट सांगतो, मग सगळे मिळून त्यावर विचार करतात. कुणीही सुटत नाही. मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीत बसून वर्षभर न बोललेला माणूस इथं बोलतो, कारण त्याच्या पुढ्यात सांगण्यासारखं काहीतरी उभं असतं. माझ्या लेखी ठोकळ्यांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

ध्येयाचा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. आधी "आज मी कामावर कुठं उभा आहे" हे बांधायला सांगा. मग "पुढच्या पाडव्याला इथं काय वेगळं दिसलं पाहिजे". आणि तिसऱ्या फेरीत, आधीचं काहीही न मोडता, दोन्हींच्या मध्ये काय आडवं येतंय ते. ही तिसरी फेरी कधीही गाळू नका, वेळ कमी असेल तर दुसरी आखडती घ्या. गॅब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं संशोधन सांगतं की नुसतं गोड स्वप्न रंगवलं तर प्रयत्नांचा जोर उलट कमी होतो. स्वप्नाशेजारी अडथळा ठेवला तरच हातपाय हलतात.

एका कारखान्यात मी आधी कागद वाटले होते. बहुतेकांनी लिहिलं, 'रिजेक्शन कमी करणे', म्हणजे बाद होणारा माल कमी करणे. त्यात कोअर शॉपमधले एक मामा होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. (कोअर म्हणजे ओतलेल्या भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. त्यातला वायू बाहेर पडला नाही तर ओतलेल्या धातूत भोक राहतं, तेच ब्लोहोल.) तिसऱ्या फेरीत त्यांनी एक भिंत बांधली. अलीकडे एक बाहुला, पलीकडे दोन. म्हणाले, "ह्यो मी, ही नवी पोरं. पोरं कोअर बसवताना वायू जायची वाट मोकळी ठेवत न्हाईत, मग ब्लोहोल पडतंय. मी वरडतो. पण दाखवत न्हाई. दाखवलं तर माझी गरज काय ऱ्हाणार?" खोलीत कुणीच काही बोललं नाही. कागदावरचं 'रिजेक्शन' आणि हे, यातलं खरं ध्येय कोणतं ते त्यांनाच दिसलं. त्यांनी स्वतःच ठरवलं: दोन पोरं, तीन महिने, कोअर बसवणं हातात हात धरून शिकवायचं.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. एका तरुणानं शिडी बांधली होती. मी घाईनं म्हटलं, "म्हणजे तुम्हाला वर चढायचंय, प्रमोशन हवंय ना?" तो "हो" म्हणाला आणि गप्प बसला. चहाच्या वेळी कळलं की ती पॅटर्न ठेवायच्या माळ्याची शिडी होती, तिच्यावरून त्याचा सोबती पडला होता. त्याला ती शिडी बदलून हवी होती. माझ्या एका वाक्यानं त्याची गोष्ट गेली, आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या बांधणीचा अर्थ कधीच सांगत नाही. फक्त विचारते, "हा लाल ठोकळा इथं का?" प्रश्न ठोकळ्याला विचारायचा, माणसाला नाही.

मालक किंवा मॅनेजर बसणार असतील तर त्यांनीही बांधायचं, पण सगळ्यात शेवटी बोलायचं. आणि आकडे वरून आधीच ठरले असतील तर ही कार्यशाळा घेऊच नका. माणसं मन उघडं करतात आणि संध्याकाळी हातात छापील टार्गेट पडतं, हा त्यांच्याशी केलेला दगा आहे.

सामानाचं म्हणाल तर माणशी पन्नासेक ठोकळे पुरतात. चाकं, दारं, शिडी, बाहुले आणि थोडी दोरी हवीच. लेगोसारखे दुसरे ठोकळेही चालतात, फक्त घट्ट बसतात का ते दुकानात जोडून बघा. एकाच्या हाताखाली बारापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि तीन तासांपेक्षा कमी वेळ नको. टेबलावर ओतण्यापेक्षा प्रत्येकाला कॅन्टीनचं स्टीलचं ताट द्या, बारीक तुकडे घरंगळत नाहीत.

शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकानं एकच वाक्य लिहायचं, जर-तरचं. मामांचं होतं: "जर सकाळच्या पाळीला पहिला साचा लागला, तर कोअर मी न्हाई, पोरगा बसवंल." बांधणीचा फोटो आणि ते वाक्य ज्याच्या त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. तीन आठवड्यांनी पुन्हा जा, ऑफिसात न बोलावता थेट शॉप फ्लोअरवर, आणि फोटो दाखवून विचारा, भिंतीचं काय झालं. मी गेले तेव्हा मामा बाजूला उभे होते, हात मागे बांधून, आणि पोरगा वाकून वायूची वाट तपासत होता.