वस्तू नेमकी कुठे सापडली?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं खोदकाम चालू आहे. साधारण आठ फुटांवर खापरं आणि एक कोरीव दगड निघाला. कळवलं तर काम कायमचं बंद पडेल, अशी सगळ्यांना भीती वाटते. काय करावं? (बोरिवली)

उत्तर : तेवढ्या जागेपुरता जेसीबी थांबवा आणि दगड हलवू नका. तो कोणत्या मातीत, किती खोल, कोणत्या दिशेला तोंड करून पडला होता, ही माहिती एकदा पुसली की कुणालाही परत मिळवता येत नाही. आधी फोटो घ्या: शेजारी मोजपट्टी ठेवून एक जवळून, एक दुरून आणि एक खड्ड्याच्या उभ्या कडेचा. खोली खड्ड्याच्या काठापासून मोजू नका, काठ रोज ढासळतो. शेजारच्या इमारतीचं जोतं किंवा रस्त्याची कड अशा न हलणाऱ्या जागेपासून मोजा. खापरं खोलीनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. ओल लागली की पेनची शाई पसरते. खापरं धुऊ नका. आतून चिकटलेला काळा थर शिजवलेल्या अन्नाचा असू शकतो आणि तो तपासता येतो.

मुंबईत हमखास फसवतो तो भराव. इथल्या कितीतरी जमिनी खाड्या-खाजणं बुजवून तयार झाल्या, आणि त्यासाठी माती दुसरीकडून आली. त्या मातीबरोबर आलेलं खापर तुमच्या जागेबद्दल काहीच सांगत नाही. खड्ड्याची कड खुरप्याने हलकेच तासून पाहा. विटांचे तुकडे, काच, प्लास्टिक, डांबर यांची सरमिसळ असेल तर तो भराव. त्याखाली एकसारख्या रंगाचा, घट्ट बसलेला थर असेल आणि खापरं त्यात रुतलेली असतील, तर प्रकरण गंभीरपणे घ्या.

दगडावर वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं आणि खाली गाढवाची आकृती असेल तर तो गधेगाळ. शिलाहार राजांच्या काळात दिलेलं दान कुणी मोडू नये म्हणून कोरलेला हा शाप. ठाणे, साष्टी आणि कोकणात असे दगड बरेच आहेत. कृपा करून त्याला शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नका आणि अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू घासू नका. झिजलेली अक्षरं वाचायची असतील तर अंधार पडल्यावर बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकून फोटो काढा. बोटालाही न जाणवणाऱ्या रेघा उठून दिसतात.

आता कायदा. जमिनीत दडलेली 10 रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय मिळालं, कुठे आणि कोणत्या तारखेला. लपवलं तर शिक्षा होऊ शकते. एक प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला द्या. बांधकामबंदीचे 100 मीटर आणि त्यापुढचे नियंत्रित 200 मीटर हे नियम केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांभोवती लागू होतात. खापरं निघाली म्हणून ते तुमच्या प्लॉटला आपोआप चिकटत नाहीत. निर्धास्तपणे कळवा.

प्रश्न : थरात नाणं सापडलं की थराचा काळ ठरला, असं समजायचं का? (दादर)

उत्तर : नाही. नाणं फक्त एवढंच सांगतं की थर त्याच्याआधीचा नाही. नाणी पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात. शिवाय उंदराचं बीळ किंवा नंतर खणलेला खड्डा नवी वस्तू जुन्या थरात नेऊन सोडतो, म्हणून बिळाची वा खड्ड्याची माती वेगळी ओळखून आधी काढावी लागते.

नालासोपाऱ्याचा स्तूप याचं उत्तम उदाहरण आहे. 1882मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तो मधोमध खणला. विटांच्या कोठडीत दगडी पेटी निघाली आणि तिच्यात तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे एकात एक बसवलेले करंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवायच्या डब्या. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं, म्हणजे दुसरं शतक. पण तांब्याच्या करंडकाभोवती बसवलेल्या आठ बुद्धमूर्ती शैलीने कित्येक शतकं नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या. म्हणजे पेटी मधल्या काळात कुणीतरी श्रद्धेने पुन्हा उघडली होती. कोणती वस्तू कशाच्या शेजारी होती याची नोंद राहिली, म्हणूनच हे कळतं.

कोळशावरून कार्बन-14 चाचणीने वय काढतानाही अशीच चूक होते. कोळसा जुन्या तुळईचा असेल तर वय निघतं झाडाच्या गाभ्याचं, चूल पेटली त्या दिवसाचं नव्हे. म्हणून जळका तांदूळ किंवा डाळीचा दाणा चांगला. तो एकाच हंगामाचा असतो. असे दाणे मिळवायला माती पाण्यात ढवळतात आणि वर तरंगलेलं बारीक चाळणीत गाळतात. नमुना बोटांनी न उचलता स्वच्छ चिमट्याने अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा. कापूस-कागदाचे तंतू चिकटले तर वय चुकतं.

प्रश्न : या सगळ्याचा आजच्या मुंबईकराला काय उपयोग? (मुलुंड)

उत्तर : पावसाळ्यात कान्हेरीला जा आणि लेण्यांच्या माथ्यावर चढा. कातळात कोरलेले पन्हळ उतारावरचं पाणी गोळा करून लेण्यांशेजारच्या टाक्यांत आणतात. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय, आणि त्या दान दिल्याच्या नोंदी आहेत. तोंड लहान आणि पोट मोठं, त्यामुळे उन्हाने पाणी कमी आटतं. चार महिने कोसळून आठ महिने गायब होणारा पाऊस तेव्हाही तसाच होता. सोसायटीत पर्जन्यजल साठवताना पहिला गढूळ लोंढा बाहेर सोडणं आणि टाकी झाकलेली ठेवणं आपण आता नव्याने शिकतोय.

दुसरा उपयोग पुराच्या दृष्टीने. सोपारा बंदर होतं. खाडी गाळाने भरली आणि ते आत राहिलं. हातगिरमिटाने जमिनीत नळी घालून गाळाचे थर काढले, त्यातले शिंपले पाहिले, की जुनी खाडी कुठून वाहायची हे कळतं. आमच्या मते असा नकाशा घरांच्या परवानग्या देण्याआधी टेबलावर असलाच पाहिजे.

प्रश्न : आजोबांकडची जुनी नाणी चिंचेने घासावीत का? (गिरगाव)

उत्तर : मुळीच नाही. आम्लाने वरच्या थराबरोबर अक्षरंही जातात. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते क्षारामुळे लागलेलं दुखणं आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलबरोबर बंद डबीत ठेवा. शिशाचं नाणं, सातवाहनांची बरीच तशीच असतात, लाकडी खणात कधीच ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी शिसं पांढरं पडून भुगा होतो.