आप्पांसाठी कोणता प्लेयर घेऊ?

प्रश्न : आमच्या आप्पांना आता दिसत नाही, पुस्तकं ऐकायची लई आवड, पण टचस्क्रीनवर बोट कुठं पडतंय तेच कळत नाही. काय घेऊ? – एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, गुळगुळीत काचेचा घेऊच नका, हाताला लागणारी बटणं हवीत आणि मेनू बोलला पाहिजे. गाण्यांचा साधा प्लेयर बंद केला की पुस्तक कुठपर्यंत ऐकलं ते बरेचदा विसरतो न् दहा तासांच्या फाईलीत ती जागा शोधणं म्हणजे नुसता वैताग, म्हणून डेझी फॉरमॅटचा, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठीच्या बोलक्या पुस्तकांचा प्लेयर बघा, तो सोडलं तिथूनच वाचतो, प्रकरणावर उडीही मारतो. महाग पडत असेल तर घरातल्याच अँड्रॉइड फोनमधे टॉकबॅक चालू करा, बोटाखाली काय आहे ते तो बोलून सांगतो. पुस्तकं सुगम्य पुस्तकालयात मिळतील, न दिसणाऱ्यांसाठीचं हे वाचनालय २०१६ पासून ऑनलाइन आहे. जळगावला दुकानात जाताना आप्पांना न्याच, बटणं त्यांनाच चाचपू द्या.