एक ठिपका दुसऱ्याच्या मागे लागतो तेव्हा

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावीत आहेस, हौसेने अ‍ॅनिमेशन करतेस. स्क्रीनवर एकसारखे ठिपके फिरवताना एक ठिपका दुसऱ्याच्या मागे लागला आणि नजर त्या दोघांवरून हलेना. हे का होतं ते शिकायचंय, पण आईबाबा म्हणतात, अ‍ॅनिमेशनचाच कोर्स कर.

तुला पडलेला प्रश्न मानसशास्त्रात आणि कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, म्हणजे मन कसं बघतं आणि विचार करतं याच्या अभ्यासात, शिकवतात, आणि तो जुना आहे. 1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एका वर्तुळाची छोटी फिल्म लोकांना दाखवली. जवळजवळ सगळ्यांनी भांडणाची, दमदाटीची, पळापळीची गोष्ट सांगितली! आल्बेर मिशोत या मानसशास्त्रज्ञांनी तर धक्का बसल्यासारखं दिसायला मधला वेळ किती चालतो तेही मोजलं. तो प्रयोग तू आजच करू शकशील. सेकंदाला 24 फ्रेम्स ठेव. एक चेंडू दुसऱ्याला टेकला की दुसरा लगेच निघू दे. धक्का बसलेला स्पष्ट दिसेल. आता मध्ये सहा फ्रेम्स थांब, म्हणजे पाव सेकंद. धक्का नाहीसा होतो, दुसरा चेंडू आपणहून निघाल्यासारखा वाटतो.

तुझ्या ठिपक्यांचं कोडं याहून अवघड आहे. नजर खेचली जाते ती पाठलागामुळे, की ते दोघे सतत जवळ राहतात म्हणून? मग पाठलाग नसलेली, पण तेवढंच अंतर राखणारी जोडीही दाखवून बघायला हवी. अशी जोडी तयार करण्यात तुझी संध्याकाळ कशी जाते, यावर माझा सल्ला अवलंबून आहे. त्यात रमलीस, तर संशोधनाकडे वळ. कंटाळून ठिपक्यांवर डोळे रंगवावेसे वाटले, तर आईबाबांचं बरोबर आहे, आणि तेही मनापासून करण्यासारखंच काम आहे.

संशोधनाकडे जायचं तर गणित सोडू नकोस. संख्याशास्त्र लागेल, थोडं प्रोग्रॅमिंगही. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण धरूनच चाल, बहुधा पीएचडीसुद्धा. ही वर्षं घरी आत्ताच मोकळेपणाने सांग. मात्र नजर कशाकडे जाते हे जाणणारी माणसं अ‍ॅप आणि वेबसाइटच्या डिझाइनमध्ये, वाहन चालवण्याच्या सुरक्षिततेच्या अभ्यासातही लागतात, हेही त्यांना सांग.

आधी त्या दोन जोड्या कर. दहा जणांना दाखव, कोणाला काय दिसलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि तो कागद मला पाठव. कोर्सचं त्यानंतर बोलू.