लाकडी फ्लोअरिंग असलेला फ्लॅट भाड्याने घ्यावा का? घरात कुत्रा आहे आणि दोन वर्षांची मुलगी.

घ्या की. फक्त सही करण्याआधी घरमालकाला विचारा, लाकूड कसलं आहे. लाकडी म्हणून तीन वेगळ्या वस्तू खपवल्या जातात. अख्ख्या लाकडाची फळी साधारण 19 मिलिमीटर जाड असते, ती बऱ्याच वेळा घासून नव्याने पॉलिश करता येते. इंजिनिअर्डमध्ये खाली प्लाय आणि वर खऱ्या लाकडाचा थर. थर जाड असला तर एखाद-दोनदा घासता येतं, पातळ असला तर विसरा. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा छापील फोटो. तिथे घासणं-बिसणं नाही, फळीच बदलायची. ओरखड्यापोटी डिपॉझिटमधून किती जाणार, ते यावर आहे.

आता माझं ऐका, कारण तुमचा प्रश्न वाचून जुनी खपली निघाली. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात खऱ्या ओकच्या फळ्या होत्या. घर सोडताना मालक टॉर्च घेऊन आले, बाथरूमच्या भिंतीलगत वाकून उजेड तिरका पाडला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बादल्या ओतून पुसलंय." फळ्या बिघडल्या होत्या हे खरं. प्रत्येकीच्या दोन्ही कडा वर आलेल्या, मधला भाग खोल, पन्हळीसारखा. पण फळीला असा आकार येतो तो तळाला वरच्या बाजूपेक्षा जास्त ओल असली की. तळ फुगतो, वरची बाजू तेवढी फुगत नाही, म्हणून कडा उचलतात. शिवाय मी सगळं घर एकाच फडक्याने पुसत होते, मग फुगलं ते नेमकं बाथरूमच्या भिंतीपाशीच कसं? असं विचारलं तर उत्तर काय, "लाकडाचं काही सांगता येत नाही." अहो, लाकडाचंच तर सांगता येतं! दमट हवेत ते रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, लांबीत जवळजवळ हलत नाही.

आमच्या भाऊजींना मध्यस्थीची भारी हौस. त्यांचं एकच पालुपद, घरमालकाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? कापले पैसे.

मालकांनी त्या पैशांत लगोलग पॉलिशवाला बोलावून उचललेल्या कडा मशीनने सपाट करून घेतल्या. ओल कुठून येते ते बघितलं नाही, फळ्या वाळू दिल्या नाहीत. पुढे भिंतीतला पाइप गळत असल्याचं निघालं, तो दुरुस्त झाला, फळ्या वाळून मूळ आकारावर आल्या, आणि घासून झिजवलेल्या कडा आता खाली गेल्या. प्रत्येक फळीला मधोमध उंचवटा! हे मला तिथल्या नव्या भाडेकरूने सांगितलं. भाऊजींना त्याच संध्याकाळी फोन केला, मुद्दाम.

तेव्हा किल्ली घेताना बाथरूम, किचन आणि बाल्कनीला लागून असलेल्या फळ्यांचे फोटो तिरक्या उजेडात काढा, समोरून काढलेल्यात काही दिसत नाही. कोरड्या ऋतूत फळ्यांमध्ये बारीक फटी पडतात आणि दमट हवा आली की मिटतात. तो तुमचा गुन्हा नाही, हे आधीच बोलून ठेवा. जास्त वावराच्या जागी पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब तसाच बसला तर ठीक, मुरून लाकूड काळपट झालं तर पॉलिश आधीच संपलेलं आहे, ते यादीत लिहून घ्या. भिंतीतल्या गळतीने झालेलं नुकसान मालकाचं, हे वाक्य करारात हवंच. "आपण बघू ना तेव्हा" म्हणणाऱ्या मालकाचं घर घेऊ नका.

एक मात्र मान्य करायला हवं. रोज निथळता फडका फिरवला तर सांध्यांतून पाणी खाली जातंच आणि फळ्या तशाच फुगू शकतात. घट्ट पिळून पुसा, वाफेचा मॉप अजिबात नको.

कुत्र्याचं राहिलं. नखं वेळच्या वेळी कापलीत तरी पॉलिशवर बारीक चरे येणारच, तेवढे वापराचे समजायचे हेही लिहून घ्या. शू मात्र लगेच टिपा. मुरली की ओकवर काळा डाग पडतो आणि तो वरवर घासून जात नाही. मुलीच्या धावण्याने फळ्यांना काही होत नाही, खालच्या मजल्यावर मात्र दणदण ऐकू जाते. जाड गालिचा घाला, त्याखाली फेल्टचं अस्तर. रबरी पाठीचा घेऊ नका, काही रबरांचे डाग पॉलिशवर कायमचे राहतात.